घरच्या वापरासाठी पासवर्ड मॅनेजर कोणता घ्यावा? (फोन सामाईक, नेटवर्क अर्धवट)

पऱ्हाटी_आर्णी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहतो. घरातील सर्व ऑनलाइन खात्यांचा व्यवहार माझ्याकडे असून त्याची नोंद एका दोनशे पानी वहीत आहे. महावितरणचे बिल, मुलीच्या शिष्यवृत्तीचे महाडीबीटी खाते, बँकेचे नेटबँकिंग, यजमानांच्या जुन्या नोकरीचा पीएफ, आयकर, रेल्वेचे आरक्षण, डिजिलॉकर आणि घरातील प्रत्येकाचा ईमेल असे सर्व काही त्या वहीत आहे. यांतील काही संकेतस्थळे ठरावीक मुदतीनंतर पासवर्ड बदलायला लावतात, त्यामुळे वहीत एकेका नावापुढे दोन-तीन पासवर्ड खोडलेले असून नवा समासात उभा लिहिलेला आहे, आणि त्यातील शेवटचा कोणता हे आता माझ्याशिवाय कुणालाच ओळखता येत नाही. बहुतेक पासवर्ड एकाच शब्दाला वेगवेगळी शेपटी लावून केलेले आहेत.

मुलगी अमरावतीला शिकते. तिचे म्हणणे असे, की वही बंद करून पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड एका कुलपाआड जतन करणारे ॲप, वापरावा. माझी त्याला हरकत नाही, परंतु आमची परिस्थिती सांगते. घरात तीन अँड्रॉइड फोन आणि एक जुना लॅपटॉप आहे. फोन ज्याचा त्याचा असा राहत नाही, जो हाताशी असेल तो उचलला जातो. नेटवर्क घरात कधी असते, कधी नसते. वावरात गेल्यावर तर विचारूच नये. दर महिन्याला पैसे भरावे लागतील असे काही नको. गूगलचे जे फोनमध्ये आपोआप येते तेवढे पुरेसे आहे का, की वेगळे ॲप घ्यावे? आणि फोन विहिरीत पडला, तर सगळेच बुडाले असे तर होणार नाही ना?

हिंगणघाट_संगणकशिक्षक

ताई, नमस्कार. फोन ज्याचा त्याचा राहत नाही, हे तुम्ही सहज लिहिले आहे, पण निवड बरीचशी त्यावरच ठरते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

गूगलचा पासवर्ड मॅनेजर वाईट नाही. फोन एकट्याचा असेल, त्याला पक्का लॉक असेल आणि तो लॉक दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल, तर नवीन माणसाला मी तोच सुचवतो, कारण त्यात वेगळे काही शिकावे लागत नाही. परंतु तो फोनच्याच लॉकने उघडतो. आपल्या घरांमध्ये फोनचा पिन आजीपासून नातवापर्यंत सर्वांना माहीत असतो आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तर तो पिन चिठ्ठीवर लिहून फोनच्या पाठीला चिकटवलेला असतो. ज्याला तो पिन ठाऊक, त्याला सर्व पासवर्ड खुले. म्हणून सामाईक फोनवर स्वतःचे वेगळे कुलूप असलेले ॲप हवे, असे माझे मत आहे.

मोफत पर्यायांपैकी मी बिटवॉर्डन सुचवीन. ते २०१६ पासून आहे, त्याचा सोर्स कोड (ॲप ज्यापासून बनते तो लिखित मजकूर) कुणालाही पाहता येतो, आणि मोफत खात्यात पासवर्डच्या संख्येवर किंवा फोन-लॅपटॉपच्या संख्येवर मर्यादा नाही. ॲप एका मास्टर पासवर्डने, म्हणजे बाकी सर्व पासवर्डांचे कुलूप उघडणाऱ्या एकाच मुख्य पासवर्डने, उघडते आणि रोजच्या वापरासाठी त्याला वेगळा पिन लावता येतो. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. पिनऐवजी बोटाचा ठसा लावण्याचा मोह होतो, पण ॲप ठसा कुणाचा हे पाहत नाही. फोनमध्ये ज्यांचे ज्यांचे ठसे नोंदवलेले आहेत त्या सर्वांच्या बोटाने ते उघडते. तुमच्या फोनमध्ये मुलाचेही बोट नोंदवलेले असेल, तर ॲपला ठसा न लावता पिनच लावावा, आणि तो पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा असावा.

नेटवर्कची अडचण मात्र तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. एकदा लॉगिन केल्यावर पासवर्डांची कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) प्रत फोनमध्येच राहते. नेट नसताना ती वाचता येते, फक्त त्यात नवीन नोंद किंवा बदल करता येत नाही. वावरात बसून तुम्ही पासवर्ड पाहू शकाल, बदल करायचा असेल तर नेटवर्कमध्ये यावे लागेल.

दुसरा पर्याय कीपासडीएक्स. त्यात खाते नाही, कंपनीचा सर्व्हर नाही. तुमच्या फोनमध्ये एक कूटबद्ध फाइल असते आणि तेवढेच. तीच फाइल लॅपटॉपवर कीपासएक्ससी या प्रोग्रॅममध्ये उघडते. स्वतःची वस्तू स्वतःपाशी ठेवणाऱ्या माणसाला हे फार आवडते. परंतु त्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवण्याचे काम सर्वस्वी तुमचे असते, आणि फोनवर एक, लॅपटॉपवर दुसरी अशा दोन प्रती झाल्या, की नवा पासवर्ड नेमका कोणत्या प्रतीत आहे हा तुमच्या वहीतलाच घोळ पुन्हा सुरू होतो. तुमच्या घरी तीन फोन आहेत, म्हणून मी हे सुचवणार नाही. वनपासवर्ड हे असेच आणखी एक ॲप चांगले आहे, पण त्याला पैसे पडतात, म्हणून तो विषय सोडतो.

फोन विहिरीत पडला तर काय, याचे उत्तर सावकाश देतो, कारण खरी मेख तेथे आहे.

सेवाकेंद्र_दारव्हा

मी सेवा केंद्र चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. जून-जुलैत प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे दिवस आले, की टेबलासमोर रांग लागते, आणि त्यातील निम्मे पालक म्हणतात, ‘भाऊ, पासवर्ड तुमच्याचपाशी असंल पाहा.’ अनेक केंद्रांवर त्यासाठी एक रजिस्टर असते आणि त्यात नाव, मोबाइल नंबर, युजर आयडी आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले असतात. मी ते रजिस्टर ठेवणे बंद केले आहे, त्यामुळे काही गिऱ्हाइके नाराज होतात. परंतु ज्या खात्यात मुलीच्या शिष्यवृत्तीचा बँक तपशील आहे, त्याचा पासवर्ड परक्या माणसाच्या टेबलावर उघडा पडलेला असणे योग्य नाही, मग तो परका मी का असेना.

ताई, तुम्ही कोणतेही ॲप घ्या, पण केंद्रावरच्या संगणकात त्या ॲपमध्ये लॉगिन करू नका. तो संगणक दिवसभर अनेकांच्या हातून जातो, त्यात काय बसलेले आहे हे चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही. फोनवर ॲप उघडून पासवर्ड पाहावा आणि समोर टाइप करावा. ब्राउझरने पासवर्ड जतन करू का असे विचारले, तर नकार द्यावा आणि उठण्यापूर्वी लॉगआउट झाल्याची खात्री करावी. चालकाने ‘मी करून देतो, पासवर्ड सांगा’ असे म्हटले, तर कीबोर्ड स्वतःकडे ओढून घ्यावा, त्यात कुणाचाही अपमान नाही.

येथे एक अडचण येते. ॲप स्वतः तयार करते ते पासवर्ड वीस-वीस अक्षरांचे असतात आणि त्यांत शून्य कोणते, इंग्रजी ओ कोणता, एक कोणता आणि लहान एल कोणता हे कळत नाही. रांगेत मागे दहा माणसे उभी असताना ते टाइप करणे शक्य होत नाही. बिटवॉर्डनमध्ये गोंधळात पाडणारी अक्षरे टाळण्याची सोय आहे, आणि अक्षरांऐवजी चार-पाच इंग्रजी शब्दांचा पासवर्ड तयार करण्याचीही सोय आहे. जी खाती केंद्रावर उघडावी लागतात, त्यांच्यासाठी तसे पासवर्ड करावेत. मात्र काही सरकारी संकेतस्थळे लांबीवर मर्यादा घालतात आणि ठरावीक चिन्हेच चालवून घेतात. तेथे ते सांगतील तेवढ्यावर भागवावे लागते.

काटोलचे_काका

मी निवृत्त माणूस आहे आणि माझ्या कपाटात अशीच वही आहे, म्हणून वहीच्या बाजूने दोन शब्द लिहितो. जे आपल्याला फसवतात ते शेकडो कोस दूर बसलेले असतात. ते कपाट फोडून वही वाचायला येत नाहीत. घरात येणारा चोर सोने आणि रोकड पाहतो, वही चाळत बसत नाही. मग ही सुरक्षित वही टाकून सर्व पासवर्ड एका परदेशी कंपनीच्या हवाली करायचे, यात कोणते शहाणपण आहे? २०२२ साली लास्टपास नावाच्या अशाच कंपनीतून ग्राहकांच्या पासवर्डांचा साठा चोरीला गेल्याचे मी वाचले आहे. प्रत्येक संकेतस्थळाचा पासवर्ड वेगळा असेल आणि वही नीट लिहिलेली असेल, तर माझ्या मते ती कुणाहून कमी नाही. हिंगणघाटच्या सरांनी याचे उत्तर द्यावे.

हिंगणघाट_संगणकशिक्षक

काका, तुमचा अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. कपाटातील वही ही एकच शब्द सगळीकडे वापरण्यापेक्षा निश्चित बरी. परंतु तुमच्या वाक्यातील ‘प्रत्येक पासवर्ड वेगळा असेल’ या अटीवर सारे अवलंबून आहे. हाताने लिहिणारा माणूस वीस अक्षरांचे तीस वेगवेगळे पासवर्ड लिहीत नाही. तो शेपट्या बदलतो. एखाद्या किरकोळ खरेदीच्या संकेतस्थळावरून तुमचा ईमेल आणि पासवर्ड फुटला, की तीच जोडी इतर शेकडो ठिकाणी यंत्राने लावून पाहिली जाते, आणि शेपट्यांचे नेहमीचे प्रकारही त्या यंत्राला पाठ असतात. आपला ईमेल अशा फुटलेल्या साठ्यांत आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केले.

वही आणखी एका ठिकाणी कमी पडते. बँकेसारखेच दिसणारे बनावट संकेतस्थळ उघडले, तर वही पाहून आपण तेथे पासवर्ड निमूटपणे लिहून देतो. पासवर्ड मॅनेजर पत्ता जुळल्याशिवाय पासवर्ड सुचवत नाही. एका अक्षराचा फरक माणसाच्या नजरेतून सुटतो, त्याच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून नेहमीच्या संकेतस्थळावर ॲपने एकाएकी काहीच सुचवले नाही, तर त्याला नावे ठेवण्याआधी वरचा पत्ता वाचावा. (अर्थात काही बँकांची संकेतस्थळे असे आपोआप भरणेच अडवतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ठगच असतो असे नाही.)

आता लास्टपासविषयी. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्याकडे घुसखोरी झाली आणि ग्राहकांच्या साठ्यांच्या प्रती चोरीला गेल्याचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपनीने मान्य केले. त्यांतील पासवर्ड कूटबद्ध होते, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. म्हणजे कुणाचे खाते कोठे आहे हे चोरांना दिसत होते आणि आत शिरण्यासाठी मास्टर पासवर्ड ओळखत बसायला त्यांना हवा तेवढा वेळ होता. ज्यांचा मास्टर पासवर्ड कच्चा होता त्यांना धोका, ज्यांचा पक्का होता त्यांना फारसा नाही. यावरून मी एवढेच घेतो, की कंपनीचा सर्व्हर कधीतरी फुटेल असे धरूनच मास्टर पासवर्ड निवडावा.

तो कसा निवडावा? मनाने निवडू नये. नाव, गाव, जन्मसाल, अभंगाची किंवा भजनाची ओळ हे सर्व ओळखता येण्यासारखे आहे. डाइसवेअर नावाची पद्धत १९९५ पासून प्रचलित आहे. तिच्या यादीत ७,७७६ शब्द असतात आणि लुडोचा फासा पाच वेळा टाकून येणाऱ्या पाच आकड्यांवरून एक शब्द ठरतो. असे पाच-सहा शब्द काढले, की ते लक्षात राहतात आणि यंत्राला ओळखता येत नाहीत. मराठी शब्द घेण्याची इच्छा होईल, पण आपण ते इंग्रजी लिपीत लिहितो आणि ‘पऱ्हाटी’चे स्पेलिंग आज एक तर सहा महिन्यांनी दुसरे होते. तेव्हा मराठी शब्द घ्यायचे असतील, तर प्रत्येक अक्षर कागदावर उतरवून ठेवावे.

होय काका, कागदावरच. मास्टर पासवर्ड विसरला, तर बिटवॉर्डनची कंपनी तो परत मिळवून देऊ शकत नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. खाते पुसून नव्याने सुरुवात करणे एवढाच मार्ग उरतो. त्यामुळे तुमच्या कपाटाला काम आहे. वहीऐवजी तेथे एक पाकीट राहील.

आता विहिरीतला फोन. नवीन फोन आणला, बिटवॉर्डन बसवले, मास्टर पासवर्ड दिला, म्हणजे सर्व परत आले असे वाटते. परंतु २०२५ पासून, तुम्ही दुहेरी पडताळणी (पासवर्डाखेरीज आणखी एक कोड मागण्याची सोय) लावलेली नसेल, तर नव्या उपकरणावर लॉगिन करताना बिटवॉर्डन तुमच्या ईमेलवर एक कोड पाठवते. ईमेल उघडायला त्याचा पासवर्ड लागतो, आणि तो पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये आहे. गूगल म्हणेल, मोबाइलवर ओटीपी पाठवतो. सिम फोनबरोबर विहिरीत आहे. तालुक्याला जाऊन दुसरे सिम आणले, तरी ते चालू झाल्यावर सुमारे २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत, कारण सिम बदलून होणारी फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने तसा नियम केला आहे. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप अशी ही स्थिती आहे, आणि ॲप चांगले की वाईट याच्याशी तिचा संबंध नाही.

म्हणून त्या पाकिटात तीन गोष्टी हव्यात: बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड, मुख्य ईमेलचा पासवर्ड, आणि त्या ईमेलचे बॅकअप कोड. गूगल खात्यात दुहेरी पडताळणी लावली, की आठ-आठ अंकांचे दहा कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि त्याला ना सिम लागते, ना नेटवर्कवरचा एसएमएस. पुढे बिटवॉर्डनलाही दुहेरी पडताळणी लावलीत, तर त्याचा रिकव्हरी कोड (नेहमीचा कोड मिळत नसेल तेव्हा चालणारा) त्याच पाकिटात ठेवावा.

पऱ्हाटी_आर्णी

सर, काका आणि दारव्ह्याचे दादा, तिघांचेही आभार. बिटवॉर्डन घेण्याचे ठरवले आहे. काकांच्या पाकिटाची जागाही ठरली. सातबारा, पासबुके आणि कर्जाचे कागद ज्या पत्र्याच्या पेटीत आहेत, तीतच ते राहील.

आणखी तीन शंका आहेत. यूपीआयचा पिन आणि एटीएमचा पिन त्यात ठेवावा का? मुलीला शिष्यवृत्तीचा पासवर्ड अमरावतीला दिसायला हवा, पण बाकीचे नको, हे मोफत खात्यात जमते का? आणि तिसरी शंका लिहिताना हात थबकतो, पण लिहिते. आमच्यापैकी कुणी राहिले नाही, तर मागच्यांनी काय करावे?

सेवाकेंद्र_दारव्हा

पहिल्याचे उत्तर मी देतो. यूपीआयचा पिन ठेवू नका. तो ज्या पडद्यावर मागितला जातो तेथे कोणतेही ॲप तो आपोआप भरू शकत नाही, म्हणून ठेवून फायदा शून्य आणि जोखीम मात्र पुरती. चार किंवा सहा अंक आहेत, ते डोक्यातच असावेत. एटीएमचेही तसेच.

त्याला जोडून एक सांगतो, कारण केंद्रावर हे नेहमी दिसते. व्हॉट्सॲपवर ‘पीएम किसान यादी’ किंवा ‘ट्रॅफिक चलान’ अशा नावाची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून थेट बसवायची ॲपची फाइल) येते आणि लोक ती बसवतात. अशा फाइलला एसएमएस वाचण्याची आणि ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचण्याची आणि चालवण्याची) परवानगी दिली, की ती ओटीपी वाचते, पडद्यावरचे पाहते आणि टाइप केलेलेही टिपते. मग पासवर्ड मॅनेजर कितीही पक्का असला तरी उपयोग नाही. बिटवॉर्डनही प्ले स्टोअरवरूनच घ्यावे, कुणी पाठवलेल्या लिंकवरून नाही. तरीही पैसे गेलेच, तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. गावात लोक आधी नातेवाइकांना विचारत बसतात आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.

हिंगणघाट_संगणकशिक्षक

मुलीविषयी: जमते. तिचेही वेगळे मोफत खाते काढावे. मोफत योजनेत दोन माणसांचा एक सामाईक कप्पा करता येतो आणि त्यात ठेवलेलेच दोघांना दिसते. शिष्यवृत्ती, तिचे डिजिलॉकर आणि महाविद्यालयाचे लॉगिन तेथे ठेवावे. बँक तुमच्याच कप्प्यात राहील. दोनाहून अधिक माणसे हवी असतील, तर मात्र पैसे भरावे लागतात.

तिसऱ्या शंकेत थबकण्यासारखे काही नाही, ती प्रत्येक घराने विचारायला हवी. बिटवॉर्डनमध्ये आपत्कालीन प्रवेशाची सोय आहे. आपण नेमलेल्या माणसाने मागणी केली आणि आपण ठरवलेल्या मुदतीत नकार दिला नाही, तर त्याला आत पाहता येते. परंतु ती सोय चालू करणाऱ्याचे खाते सशुल्क असावे लागते. तुमच्या घरासाठी पेटीतील पाकीट तेच काम करते, फक्त ते कोठे आहे हे यजमानांना आणि मुलीला, दोघांनाही माहीत हवे. बँकेच्या पैशांसाठी मात्र मागच्यांनी पासवर्ड वापरू नये. मृत व्यक्तीच्या नेटबँकिंगमधून रक्कम काढणे पुढे वारसांच्या वादात अंगलट येते. त्याचा रस्ता नॉमिनीचा आहे, तेव्हा प्रत्येक खात्याला नॉमिनी लावलेला आहे की नाही, हे या निमित्ताने एकदा बँकेत जाऊन पाहून घ्यावे. पाकीट उपयोगी पडेल ते ईमेल, वीजबिल, डिजिलॉकरमधील कागदपत्रे आणि फोटो यांच्यासाठी.

कामाचा क्रम असा ठेवा. वहीतील सर्व एका दिवशी चढवण्याचा हट्ट करू नये. आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदलून बॅकअप कोड काढावेत, नंतर बँक, त्यानंतर उरलेली खाती ज्या दिवशी उघडावी लागतील त्या दिवशी एकेक. पाकीट तयार झाले, की मुलगी सुटीत आल्यावर तिच्या फोनवर, तुमचा फोन बंद करून, केवळ त्या कागदाच्या आधारे बिटवॉर्डन आणि ईमेल उघडून पाहावे. त्यात एक बॅकअप कोड खर्च झाला, तर तो कागदावर खोडावा. वही त्यानंतरच जाळावी.

काटोलचे_काका

मी कीपासडीएक्स घेतो आहे. फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवीन आणि ती प्रत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पेन्शन पाहतो त्याच वेळी, बदलीन. माझा फोन माझ्याशिवाय कुणी वापरत नाही. लॅपटॉपवर कीपासएक्ससी कसे बसवायचे, हे सरांनी वेगळ्या धाग्यात लिहावे, येथे ताईंचा विषय पूर्ण झाला आहे.